प्रौढ वयात इंग्रजीची ओळख

राज्यातील सर्व शाळांमधून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालच्या जूनमध्ये प्रारंभ झाला. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळेत या भाषेची ओळख पाचवीत होत असे. याचा अर्थ असा की, आज ज्यांनी पस्तिशी ओलांडली आहे आणि चौथीनंतर ज्यांची शाळा सुटली, त्यांची इंग्रजी अक्षरांशीही शाळेत गाठ पडलेली नाही. यांत शेतकरी आणि शेतमजूर आहेत, बचत गट चालविणाऱ्या भगिनी आहेत आणि गावाच्या कारभाराची जबाबदारी ज्यांच्यावर आहे असे ग्रामपंचायत सदस्य व सरपंचही आहेत.

आपला राज्यकारभार मराठीतून चालावा यासाठी महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली संमत झाला आणि गावपातळीवरील ठराव, दाखले व पत्रव्यवहार आज मराठीतच होतो. तेव्हा प्रौढ माणसाने इंग्रजीच्या मागे का लागावे, असा प्रश्न कोणी विचारील तर तो गैर नाही. त्याचे उत्तर कचेरीत नाही, घरात आणि शेतात आहे. औषधाच्या बाटलीवर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' एवढे चार-पाच शब्द असतात. ते औषध पोटात घ्यावयाचे नाही, एवढाच त्यांचा अर्थ. पण तो न कळल्यास काय ओढवेल हे सांगावयास नको. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरपा ठेवलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असून तो विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने दाखवितो. वरच्या भागात लाल व पिवळ्या रंगांसाठी 'पॉयझन', निळ्यासाठी 'डेंजर' आणि हिरव्यासाठी 'कॉशन' हे शब्द असतात. डब्यासोबतचे माहितीपत्रक पहिल्याच फवारणीच्या दिवशी हरवते. डब्यावरचा शब्द मात्र शेवटपर्यंत राहतो.

ग्रामपंचायतीची गोष्ट याहून नाजूक आहे. पंचायतीच्या खात्यावरील अनेक प्रदाने आता सरपंचांच्या डिजिटल स्वाक्षरीने संगणकावरून होतात. पडद्यावर 'अप्रूव्ह', 'रिजेक्ट', 'पेंडिंग', 'फेल्ड' असे शब्द येतात. ते वाचता येत नाहीत म्हणून स्वाक्षरीची किल्ली आणि तिचा सांकेतिक शब्द दोन्ही दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होणारे सरपंच आहेत. कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखाच हा प्रकार होय. असे किती शब्द ओळखता आले म्हणजे हा परावलंबीपणा संपेल? पाचशेसुद्धा लागत नाहीत, चाळीस-पन्नास पुरतात.

किती शब्द पुरेत?

इंग्रजीचा शब्दसंग्रह अफाट आहे, ही भीती प्रौढ शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी गाठते. परंतु नेहमीच्या व्यवहाराला त्यांतील फार थोडे शब्द लागतात. चार्ल्स ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' नावाची केवळ ८५० शब्दांची योजना मांडली. तीत क्रियापदे होती अवघी अठरा. ये, जा, दे, घे, ठेव, कर, पाहा, सांग, पाठव अशी ही क्रियापदे दिशादर्शक शब्दांशी जोडून बहुतेक सर्व क्रिया सांगता येतात, असा त्याचा दावा होता. तो पुरता टिकला नाही. कारण थोड्या शब्दांत सर्व काही बसविण्याच्या खटपटीत वाक्ये कृत्रिम होऊ लागली. तरीही थोडे शब्द घट्ट करावेत, हे त्यातील तत्त्व आजही उपयोगी आहे.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मायकेल वेस्ट यांचे. हे गृहस्थ ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत. बंगालमधील विद्यार्थ्यांची बहुसंख्या मध्येच शाळा सोडते, मग अर्धवट शिकलेल्या इंग्रजीचा त्यांना काय उपयोग, हा प्रश्न त्यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात विचारला. उत्तर म्हणून त्यांनी वाचनाला अग्रस्थान दिले. बोलणे मागाहून आले तरी चालेल, पण जो मुलगा उद्या शाळा सोडील त्याच्या पदरी निदान वाचण्याची शक्ती पडावी, हा त्यामागील विचार. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली गेली. आपल्या प्रौढ वर्गांची स्थिती वेस्ट यांच्या शाळेहून फारशी निराळी नाही. सुगीला वर्ग रिकामा होतो आणि पेरणीला पुन्हा होतो. जे शिकविले ते त्या आठवड्यातच उपयोगी पडले पाहिजे.

मराठी माणसाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. तो शेकडो इंग्रजी शब्द आधीच वापरत असतो. बस, तिकीट, डॉक्टर, इंजेक्शन, मोटर, पाइप, मीटर, बिल, फॉर्म, रेशन, कार्ड, बँक, पेन्शन ही यादी वर्गातील मंडळींनाच करावयास सांगितली तर तासाभरात फळा भरतो आणि आपण कोऱ्या पाटीने आलेलो नाही, हे त्यांचे त्यांनाच कळते. (यादीत कोणी तरी पगार, चावी, पाव आणि बटाटा हे शब्दही घालतो. ते पोर्तुगिजांकडून आलेले आहेत. पण त्यावरून हसू नये.) मात्र मराठीत येताना काही शब्दांनी आपला अर्थ बदलला आहे, तेथे सावध राहावे. आपल्याकडे चहा-भजी मिळते ते 'हॉटेल'. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपली 'लाइट' जाते ती वीज. इंग्रजीत लाइट म्हणजे प्रकाश किंवा दिवा. 'आमची फॅमिली' म्हणताना आपल्याकडे पुष्कळदा केवळ पत्नी अभिप्रेत असते. इंग्रजीत मुलेबाळे, आई-वडील सर्व त्यात येतात. अर्जातील 'फॅमिली मेंबर्स' या रकान्यात एकच आकडा पडण्याचे कारण कधी कधी हेच असते.

क्रम बदलला की अर्थ बदलला

व्याकरणाचा धसका घेण्याचे कारण नाही. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. शब्दांच्या आठ जातींची आपल्याकडे रुळलेली मांडणी इंग्रजी व्याकरणाच्याच वळणावर झालेली आहे. ज्याने मराठी शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद गिरविले आहे त्याला इंग्रजीतील कप्पे ओळखीचेच वाटतात. भेद आहे तो वाक्याच्या बांधणीत.

'शेतकऱ्याने साप मारला' आणि 'साप शेतकऱ्याने मारला' ही दोन्ही वाक्ये मराठीत एकच घटना सांगतात. कारण मारणारा कोण हे 'ने' या प्रत्ययाने पक्के केले आहे. शब्द कोठेही न्या, प्रत्यय त्याची ओळख सांगतो. इंग्रजीने आपले बहुतेक प्रत्यय शतकांपूर्वीच टाकून दिले आणि त्यांचे काम जागेवर सोपविले. 'द फार्मर किल्ड द स्नेक' यात शेतकऱ्याने साप मारला. तेच शब्द उलट ठेवून 'द स्नेक किल्ड द फार्मर' म्हटले की शेतकरी मेला. कर्ता आधी, मग क्रिया, मग कर्म हा क्रम इंग्रजीत शोभेसाठी नाही. तो मोडला की अर्थच मोडतो. शिक्षकाने पहिले आठ दिवस या एकाच मुद्द्यावर घालविले तरी ते वाया जाणार नाहीत. शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तीन जणांच्या हाती द्यावेत आणि त्यांना जागा बदलावयास सांगावे. साप आणि शेतकरी यांचे काय झाले ते वर्गाने सांगावे.

आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटते, इंग्रजीत ते पुढे सुटे उभे राहते. टेबलावर, घरात, दारापाशी यांचे अनुक्रमे 'ऑन द टेबल', 'इन द हाउस', 'ॲट द डोअर' होते. वेळेसंबंधी हेच तीन शब्द लहानापासून मोठ्याकडे जातात, हे लक्षात ठेवावयास सोपे आहे. घड्याळाच्या वेळेला 'ॲट', वाराला वा तारखेला 'ऑन' आणि महिना किंवा वर्षाला 'इन'. दहा वाजता, सोमवारी, जूनमध्ये म्हणजे 'ॲट टेन', 'ऑन मंडे', 'इन जून'.

मराठी माणसाला खरोखर अडविणारी जागा निराळीच आहे. 'मला ताप आहे', 'माझ्याजवळ शंभर रुपये आहेत', 'माझी दोन एकर जमीन आहे' ही आपली वाक्ये पाहावीत. तिन्हींत बोलणारा माणूस वाक्याचा कर्ता नाही. ताप, रुपये आणि जमीन हे कर्ते आहेत. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी माणूस पुढे येतो आणि एकच क्रियापद चालते: 'आय हॅव फीव्हर', 'आय हॅव अ हंड्रेड रुपीज', 'आय हॅव टू एकर्स ऑफ लँड'. 'मला', 'माझ्याजवळ', 'माझी' हे तीन रस्ते एका 'हॅव' मध्ये मिळतात, एवढे एकदा समजले की दवाखान्यात, बँकेत आणि तलाठी कार्यालयात लागणारी निम्मी वाक्ये हाती येतात. येथे 'आय ॲम हॅविंग' असे म्हणण्याचा मोह आपल्या 'आहे' मुळे होतो. 'मला माहीत आहे' याचे 'आय ॲम नोइंग' होते तेही त्याचमुळे. चालू असलेल्या क्रियेलाच ते रूप द्यावे. माहीत असणे, जवळ असणे, आवडणे यांना देऊ नये.

'अ', 'ॲन' आणि 'द' या उपपदांना मराठीत जोड नाही. ऐकणाऱ्याला कोणती वस्तू ते अद्याप ठाऊक नसेल तर 'अ', ठाऊक असेल तर 'द', एवढे धरून चालावे. 'ॲन' चा निर्णय कानाने करावा, अक्षराने करू नये. 'अवर' हा शब्द लिहिताना एच या व्यंजनाने सुरू होतो, पण उच्चार स्वराचा म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' यू या स्वराने लिहिली जाते, पण उच्चार 'यु' चा म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. याहून अधिक बारकाव्यात प्रारंभी शिरू नये. उपपद चुकले तरी औषध चुकत नाही.

उलट काही बाबतींत इंग्रजी आपल्यापेक्षा किती तरी सोपी आहे, हे शिकणाऱ्याला आवर्जून सांगावे. आपण गेलो, गेलास, गेला, गेली, गेले, गेल्या म्हणतो. इंग्रजीत सर्वांना एकच 'वेन्ट'. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले असे कर्मानुसार क्रियापद बदलतो. इंग्रज माणूस सर्व काही एकाच 'एट' ने खातो. दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी का, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. फक्त वर्तमानकाळात तो, ती, ते यांच्या क्रियापदाला 'स' चा शेपटीसारखा उच्चार जोडावा लागतो: 'आय वर्क', पण 'शी वर्क्स'.

'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच 'यू' आहे. त्यावरून ती भाषा उद्धट आहे असे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही. आपण आदर क्रियापदात ठेवतो: दे, द्या, द्यावे. इंग्रजी तो वाक्याच्या सुरुवातीला ठेवते. 'गिव्ह मी द फॉर्म' हे 'फॉर्म द्या' याचे शब्दशः भाषांतर असले तरी ऐकणाऱ्याच्या कानी ते 'फॉर्म दे' असे पडते. 'कुड यू गिव्ह मी द फॉर्म, प्लीज' म्हटले की आपल्या 'द्यावा' ची बरोबरी होते. आपल्या माणसाचा काही वेळा विनाकारण अपमान होतो, त्याचे मूळ या एका वाक्यात असते.

अधिकारी व सदस्यांसाठी एक सूचना येथेच नोंदवितो. इंग्रजी नियमांत 'शॅल' आणि 'मे' या दोन छोट्या शब्दांवर पुष्कळ अवलंबून असते. सामान्यपणे 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे, 'मे' म्हणजे करता येईल. आपल्या मराठी अधिनियमांतील 'करील' आणि 'करू शकेल' यांतील भेद तो हाच.

उच्चार: कोठे आग्रह, कोठे सूट

'बी-यू-टी' बट, मग 'पी-यू-टी' पुट का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो. त्याला समाधानकारक उत्तर एकच: इंग्रजीचे लेखन पूर्वीच्या उच्चारांवर गोठले आणि बोलणे पुढे निघून गेले. 'नाइफ' मधील के आणि 'नाइट' मधील जी-एच एके काळी उच्चारले जात. आपली लिपी बहुतांशी उच्चारानुसारी असल्यामुळे आपल्याला याचा अधिक त्रास होतो. म्हणून प्रत्येक नवा शब्द आधी कानाने घ्यावा आणि मग डोळ्याने. वहीत शेजारी देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्यास हरकत नाही. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे स्वीकारली आहेत, 'व्हॅन' आणि 'वॉच' यांतील भेदही आपण लेखनात दाखवितो. हे हाताशी असलेले साधन टाकून देऊ नये.

'व' आणि 'व्ह' यांत मात्र आग्रह धरावा. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. पहिल्याला ओठांचा चंबू करावा. दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासून सोडावी. तसेच 'झ' चे. आपल्या 'जहाज' मधील ज उच्चारताना जीभ टाळूच्या पुढील भागाला लागून सुटते. इंग्रजीतील झेड अक्षराच्या उच्चारात ती लागतच नाही. लांब 'स्स्स' म्हणत गळ्यावर बोटे ठेवावीत आणि गळा थरथरेल असा आवाज त्यात मिसळावा. तो झाला खरा 'झ'. 'प्राइस' म्हणजे किंमत आणि 'प्राइझ' म्हणजे बक्षीस, हा भेद त्या थरथरीचा आहे. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे, येथे ऱ्हस्व-दीर्घ जपावे. 'थिंक' मधील थ आणि आपला थ यांत फरक आहे, 'टेबल' मधील टही इंग्रज माणूस आपल्याइतका मूर्धन्य म्हणत नाही. पण आपला उच्चार केल्याने अर्थाचा घोटाळा सहसा होत नाही. त्यावर वेळ घालवू नये. इंग्लंडमधील माणसासारखे बोलता यावे, हे या वर्गाचे उद्दिष्टच नव्हे.

खरे महत्त्व आघाताला आहे आणि आपल्या शाळांतून तोच शिकविला जात नाही. मराठीत आपण सर्व अक्षरांना साधारण सारखे वजन देतो. इंग्रजीत शब्दातील एका अक्षरावर जोर पडतो, बाकीची दबून जातात. 'कमिटी' मध्ये जोर 'मि' वर आहे, 'डेव्हलप' मध्ये 'व्हे' वर, 'होटेल' मध्ये 'टे' वर. 'रेकॉर्ड' म्हणजे नोंद असेल तर जोर पहिल्या भागावर, नोंद करणे असेल तर दुसऱ्यावर. ढोलकीच्या तालावर वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. बाकावर थाप मारून शब्द म्हटला की जोर आपोआप जागेवर पडतो.

आघात चुकल्याने होणारे सर्वांत महाग घोटाळे आकड्यांत होतात. 'फिफ्टीन' म्हणजे पंधरा, यात जोर 'टीन' वर. 'फिफ्टी' म्हणजे पन्नास, यात जोर 'फिफ्' वर. फोनवरून रक्कम, गोळ्यांची संख्या किंवा पोत्यांचा हिशेब सांगताना पंधराचे पन्नास होऊ शकतात. म्हणून आकडा सांगून झाल्यावर त्याचे अंक सुटे सांगण्याची सवय लावावी: 'फिफ्टीन, वन फाइव्ह'. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून येतात. इंग्रजीत 'ट्वेन्टी फाइव्ह' असे वीस आधी. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोण बरोबर हा विषय येथे नाही, पण इंग्रजी आकडे लिहून घेताना प्रौढांचे अंक उलटे का पडतात, ते यावरून कळावे. दहा लाखांचा एक 'मिलियन' होतो, हेही येथेच सांगून टाकावे.

वर्ग कसा चालवावा

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडील अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य आणि त्याचे इंग्रजी, इंग्रजी वाक्य आणि त्याचे मराठी, अशी ती पद्धत. मातृभाषेच्या आधाराने नियम समजावून देणे प्रौढांना मानवते, म्हणून तिची टर उडविण्याचे कारण नाही. मात्र कागदावरून उच्चार येत नाही. तेवढ्यासाठी शिक्षकाचा आवाज, आणि आता भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रण, यांची जोड हवी.

पहिलीचे पुस्तक प्रौढांपुढे ठेवू नये. ज्याने दोन मुलींची लग्ने केली त्याला मांजराचे चित्र दाखवून 'कॅट' म्हणावयास लावणे बरे दिसत नाही, आणि नातवासमोर ते म्हणण्याची लाज वाटून माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने घरून एक इंग्रजी मजकुराची वस्तू आणावी. औषधाची पट्टी, बँकेचे पासबुक, बियाण्याची पिशवी, भ्रमणध्वनीवर आलेला संदेश, काहीही चालेल. 'बिफोर फूड' आणि 'आफ्टर फूड', 'वन्स' आणि 'ट्वाइस', 'डेबिट' आणि 'क्रेडिट', 'एक्सपायरी' ही जोडशब्दांची शिदोरी त्यातूनच मिळते. संगणकावरील पडद्याचे छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावल्यास सरपंचांची व सदस्यांची सोय होते. जुने शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा विचारावेत. एका बैठकीत वीस वेळा घोकण्यापेक्षा ते अधिक टिकतात.

अक्षरे येण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात एक वाक्य तोंडपाठ करून घ्यावे: 'प्लीज से दॅट अगेन, स्लोली.' कृपया ते पुन्हा सांगा, हळू. न समजता मान डोलाविण्याची आपल्याकडील सवय या वाक्याने सुटते, आणि समोरच्या माणसाला आपला वेग कमी करावा लागतो. 'अगेन' मधील जोर 'गेन' वर आहे आणि 'स्लोली' मधील 'स्लो' वर.